वीस फुटी महाल आणि एक झोळी

॥ श्रीनिद्रादेवी प्रसन्न ॥

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, कार्तिक मासी, बंदराकडील जुन्या गोदामांच्या पेठेत जे वर्तमान जाहले ते येथे लिहिले आहे. ऐकणारांनी कान द्यावा, परंतु आवाज करू नये, कारण आत मूल निजले आहे आणि ते कसे निजले हीच हकिकत आहे.

राज्य लहान. राजे सुहृदराव, राणी केतकीबाई, आणि उभयतांवर हुकमत चालवणारी युवराज्ञी शर्वाणी, वय महिने सात, दात दोन. राणीसाहेबांनी बाळंतपणापासून आरशात पाहणे सोडले होते, परंतु मोबाइलात दुसऱ्यांची घरे पाहणे सोडले नव्हते. एके दिवशी युवराज्ञीस पाजता पाजता अंगठ्याने चित्रे सरकवीत असता एक चित्र दृष्टीस पडले. शंभर वर्षांचे कापसाचे गोदाम, त्याचे आता श्रीमंती भाड्याचे घर केलेले, उघड्या विटांच्या भिंती, सागवानी तुळया, छत वीस फूट उंच, आणि कमानीच्या खिडकीत एक बाई पांढरेशुभ्र कपडे लेऊन वाफाळती कॉफी घेऊन बसलेली. राणीसाहेबांनी चित्र मोठे करून पाहिले. बाईच्या खांद्यावर दुधाचा डाग नव्हता. आणि मग त्यांच्या मनाने घेतले की या घरी गेलो म्हणजे आपणही अशाच होऊ.

उपनगरात दोन खोल्यांच्या फ्लॅटात राज्य करणाऱ्या मातोश्री, म्हणजे सुहृदरावांच्या आई, यांस हे वृत्त कळताच त्यांचा फोन आला.

"केतकी, घर पाहिलंस ते ठीक. छताला पाळण्याचा हुक आहे का पाहिलंस? पोरीला झोळीशिवाय झोप नाही."

"आई, उजेड किती येतो माहितीये का तिथे!"

"उजेडात निजणार आहे का ती? इथे आपल्याकडे प्रत्येक खोलीत हुक आहे. न्हाणीघर सोडून."

तेव्हा राणीसाहेबांस आवेश चढला आणि त्या बोलून गेल्या, "पंधरा दिवसांत ती तिथे रुळली नाही, तर मी स्वतः बॅगा भरून तुमच्याकडे येईन!" मातोश्री "बरं" एवढेच बोलल्या. त्यांचे ते "बरं" ज्यांनी ऐकले आहे त्यांस अधिक सांगणे नलगे.

महालाचे मालक धुरंधरसाहेब, वय सत्तरीपलीकडे, कडक इस्त्रीचा सदरा, राहणार समोरच्याच गल्लीत. गोदाम त्यांच्या पणजोबांचे. त्यांनी करारनामा उभ्याने वाचून दाखविला. "तुळईला खिळा नाही. भिंतीला ठोका नाही. जुन्या यंत्रसामग्रीला हात नाही. दर महिन्याला मी स्वतः येऊन बघतो, आणि एक कलम मोडलं की घर खाली. ऐकताय ना, बाई?" राणीसाहेब "हो हो" म्हणाल्या. त्या खिडकी पाहत होत्या.

मग सामान चढले, आणि पहिल्याच दुपारी युवराज्ञींनी छताकडे एकवार पाहून असा हंबरडा फोडिला की पेठेची कबुतरे उठली. झोळी बांधावी तरी कशास? छत आभाळात, भिंतीस खिळा मना. महालास आतून भिंती नाहीत, दारे नाहीत, सगळा एकच दरबार. त्यामुळे मूल एक रडे आणि चार ऐकू येत. गाणी म्हणणारा विलायती पाळणा आणविला, युवराज्ञींनी सगळी गाणी ऐकून घेतली आणि मग रडल्या. सुहृदरावांनी कडेवर घेऊन येरझारा घातल्या, त्यात त्यांसच डुलकी येऊन ते तांबड्या भिंतीवर आपटले आणि विटांचा भुगा युवराज्ञींच्या झबल्यावर पडला. त्या ऐतिहासिक भिंती रोज थोडथोडा इतिहास गाळीत, आणि तो राणीसाहेब ओल्या फडक्याने पुशीत. प्रसिद्ध कमानीच्या खिडकीत दुपटी वाळत असत. खालून पेठ पाहणाऱ्या हौशी लोकांचे तांडे जात, त्यांचा वाटाड्या हात वर करून कमान दाखवी, आणि लोक दुपट्यांचे फोटो काढीत. मातोश्रींचा रोज दुपारी फोन येई, "निजली का?" आणि राणीसाहेब म्हणत, "हो, आत्ताच!" मागे युवराज्ञी खरे काय ते ओरडून सांगत.

ऐसे तेरा दिवस गेले. चौदावा दिवस रविवारचा. दोन प्रहरी राणीसाहेब हरून जमिनीवर उताण्या पडल्या, युवराज्ञी छातीवर, दोघींच्या डोळ्यांस पाणी. ज्या छतावर भाळून त्या आल्या ते त्यांनी त्या दिवशी प्रथम नीट पाहिले. आणि मधल्या तुळईखाली, मनगटाएवढा जाड, कापसाच्या गासड्या उचलावयाचा लोखंडी आकडा दिसला.

"सुहृद," राणीसाहेब म्हणाल्या, "तो बघ हुक."

"अगं, ती यंत्रसामग्री आहे. कलम आहे त्याचं. घर जाईल!"

"उद्या पंधरावा दिवस आहे. घर तसंही जातंय."

मग मोहीम निघाली. सुहृदराव महालाच्या एका अंगास असलेल्या पोटमाळ्यावर पालथे पडले, जळमटे काढावयाचा लांब झाडू हाती घेतला, त्याच्या टोकास दोर बांधिला आणि आकड्यावर चाल केली. पहिली चाल दिव्यावर गेली. दुसऱ्या चालीत झाडूच खाली आला आणि विलायती पाळणा आपोआप गाऊ लागला. तिसऱ्या चालीत दोर आकड्यात पडला. मग दोर दुहेरी करून सुहृदराव स्वतः लोंबकळून पाहते जाहले, आकडा तसूभर हलला नाही. राणीसाहेबांनी आपल्या आईचे निळे इरकली लुगडे आणून झोळी बांधिली, झोळीस ओढावयाची एक बारीक दोरी लाविली आणि युवराज्ञीस आत ठेविले. दोर इतका लांब की झोका अतिशय संथ. इकडून तिकडे जाऊन परत येईतो माणसाची एक जांभई पुरी व्हावी. युवराज्ञींनी पाचव्या झोक्यास मूठ सोडिली आणि सातव्यास डोळे मिटले. राजाराणी एकमेकांकडे पाहत हलेनात, श्वासही जपून घेत राहिले.

दुसरे दिवशी सोमवार. सुहृदराव कचेरीस गेले. दोन प्रहरी राणीसाहेब झोळी ओढीत बसल्या होत्या, युवराज्ञी नुकत्या निजल्या होत्या, इतक्यात दार उघडेच होते तेथून धुरंधरसाहेब महिन्याची पाहणी करावयास आत आले. त्यांनी दोर पाहिला, दोरावरून नजर आकड्यापर्यंत चढली, आणि ते तोंड उघडणार तोच राणीसाहेबांनी ओठांवर बोट ठेविले. तेव्हा जे भांडण जाहले ते सगळे कुजबुजत जाहले.

"बाई, हे काय आहे?"

"झोळी, काका."

"मला दिसतंय! त्या हुकाला हात लावायचा नाही असं कलम आहे!"

"हात नाही लावला. झाडू लावला."

"घर खाली करावं लागेल तुम्हाला. आजच्या आज."

राणीसाहेबांच्या डोळ्यांस पाणी आले. "करते," त्या म्हणाल्या, "पण ही उठल्यावर. पंधरा दिवसांत ती इथे कालच पहिल्यांदा निजलीय."

या बोलण्यात दोरी हातातून सुटली. झोका मंदावला, निळ्या लुगड्यातून एक पाय वर आला, कुईं ऐसा आवाज आला. आणि धुरंधरसाहेबांनी, कलम तोंडी असतानाच, खाली वाकून दोरी धरिली.

"अहो, असं हिसके देत नाही ओढायचं," ते कुजबुजले. "मनगटानं. असं. हां. त्या हुकानं गासड्या उचलल्यात हो, हिचं काय वजन!" पाय आत गेला. ते दोरी ओढीतच राहिले. "माझी नात तिकडे परदेशात असते," शेवटी ते म्हणाले. "तिच्या पाळण्याला बटण आहे. आजोबांना काही कामच नाही."

ते समयी मातोश्रींचा फोन आला. पंधराव्या दिवसाची मुदत भरली होती. राणीसाहेबांनी न बोलता फोनचा कॅमेरा झोळीकडे वळविला.

मातोश्रींनीही आवाज आपोआप उतरविला. "निजली गं! आणि ते दोरी ओढणारे गृहस्थ कोण?"

"घराचे मालक, आई."

मातोश्रींनी ते ओढणे घटकाभर निरखिले. मग मातोश्री म्हणाल्या, "बरे ओढतात." हे "बरे" निराळे होते. बॅगा भरण्याची गोष्ट पुन्हा कोणी काढिली नाही.

राणीसाहेबांनी ओट्याशी जाऊन कॉफी केली, वाळती दुपटी बाजूस सारून त्या कमानीच्या खिडकीत प्रथमच बसल्या, आणि सात महिन्यांत प्रथम कॉफी गरम असता प्याल्या. खांद्यावर दुधाचा डाग होता तो होताच. खालून वाटाड्याने कमान दाखविली, तेव्हा लोकांनी त्यांचाही फोटो काढिला.

संध्याकाळी करारनाम्यास एक कलम जोडिले गेले, ते असे: आकड्यास झोळी मंजूर, परंतु दर सोमवारी दोन प्रहरी दोरी मालकांचे हाती राहील.

इतकी हकिकत. तात्पर्य, राणीसाहेबांनी उंची पाहून घर घेतले, उंचीनेच त्यांस रडविले, आणि अखेर उंचीच कामास आली. पुढील सोमवारी धुरंधरसाहेब घटकाभर लवकरच आले, तेव्हा युवराज्ञी अजून जेवत होत्या.