फरशी वाळेपर्यंत

सिनेमाची तिकिटं काढायचं साक्षीदारानं ठरवलं, तेव्हा त्याचा हेतू अगदी शुद्ध होता. सासऱ्यांना आपला रुबाब दाखवायचा, एवढाच.

साक्षीदार म्हणजे आमचा नळखात्यातला कारकून. (नाव आहे त्याला, पण ते आता फक्त पगारपत्रकावर उरलंय.) सहा वर्षांपूर्वी त्याच्या इमारतीत येणारा लिफ्टचा मेकॅनिक दागिन्यांच्या दुकानातल्या चोरीत नाहक अडकला. चोरी झाली भर दुपारी तीनला, आणि तीनला तर हा बिचारा आमच्या मजल्यावर लिफ्टमध्ये डोकं खुपसून बसला होता, असं कारकुनानं कोर्टात शपथेवर सांगितलं. मेकॅनिक सुटला. कारकुनाला सगळे साक्षीदार म्हणू लागले. आणि आता त्या खटल्यावर चक्क सिनेमा निघाला होता.

उलटतपासणीत आपण वकिलाची कशी भंबेरी उडवली, हे निवृत्त मुख्याध्यापक असलेल्या सासऱ्यांना एव्हाना तोंडपाठ झालं होतं. साक्षीच्या दिवशी बायको माहेरी होती, त्यामुळे खोडून काढायला कुणी नव्हतं.

थिएटरात डावीकडे सासरे, उजवीकडे बायको. पडद्यावरचा साक्षीदार उंच, देखणा, डोक्यावर भरपूर केस. खऱ्यानं सासऱ्यांना कोपरानं ढोसलं. तेवढ्यात पडद्यावरच्या वकिलानं विचारलं, "भर दुपारी पंधरा मिनिटं जिन्यात करत काय होतात?"

खरा साक्षीदार खुर्चीत खाली सरकला. सिनेमाच्या सुरुवातीला झळकलेल्या पाटीचा अर्थ त्याच्या डोक्यात आत्ता शिरला : संवाद कोर्टाच्या कागदपत्रांतून, जसेच्या तसे.

"बायकोनं बाहेर काढलं होतं, साहेब," देखणा माणूस म्हणाला. "पुसलेल्या फरशीवर ओले पाय उमटवले म्हणून. फरशी वाळेपर्यंत."

"अंगावर काय होतं?"

"टॉवेल."

अख्खं थिएटर हसलं. सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला. बायको मात्र गप्प. (ती ओरडते तेव्हा काळजीचं कारण नसतं.)

"घरातलं भर कोर्टात सांगितलंत?" ती शेवटी म्हणाली.

"शपथ घेतली होती गं. ते लपवलं असतं तर माझ्या बाकीच्या बोलण्यावर कुणी विश्वास ठेवला असता?"

तिचा चेहरा जरा निवळला.

बाहेर, तोच खेळ पाहायला आलेला मेकॅनिक आपल्या लेकीला घेऊन थांबला होता. साक्षीदारानं ऐटीत हात पुढे केला. त्याला वळसा घालून मेकॅनिक थेट त्याच्या बायकोपुढे गेला आणि त्यानं हात जोडले.

"वहिनी, तुम्ही त्या दिवशी यांना बाहेर काढलंत, म्हणून मी आज घरात आहे."

बायकोचे डोळे भरून आले, साक्षीदाराचेही. आयुष्यात आपल्या हातून एक तरी चांगलं काम झालं आणि तेही हिच्यामुळे, असं त्याला मनापासून वाटलं. घरी जाताना त्यानं तिला तसं सांगितलं. तिनं त्याचा हात हातात घेतला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.

रविवारी तिनं फरशी पुसायला घेतली. साक्षीदार शहाण्यासारखा कोरडे पाय वर घेऊन खुर्चीत बसला होता.

"उठा," ती म्हणाली. "जिन्यात जाऊन उभे राहा."

"अगं, मी पाय कुठं ठेवलाय?"

"नाही ठेवलात. पण तुम्ही बाहेर असलात की कुणाचं तरी भलं होतं."

आणि मुक्कामाला आलेल्या सासऱ्यांनी मुख्याध्यापकाच्या गांभीर्यानं जावयाच्या हातात टॉवेल दिला.