नेहमीच्या पद्धतीने फुली

गेल्या एकवीस वर्षांत मी लिहिलेल्या एकाही वाक्याचा अर्थ कोणी मला विचारलेला नाही, हे प्रारंभीच नमूद करतो. विधान गर्वाचे वाटेल. परंतु ते निव्वळ सत्य आहे. (ती वाक्ये मुळात कोणी वाचतच नाही, असे माझ्या पत्नीचे मत आहे. मतस्वातंत्र्य सर्वांना असते.)

विमानतळावर माझे काम वजन आणि तोल यांचे. प्रवासी किती, सामान किती, कोणत्या कप्प्यात किती भरायचे, याचा तक्ता मी करतो. वैमानिक त्यावर सही करतो आणि मगच विमान जागचे हलते. ज्याच्या कागदावर विमान उडते, त्याला चार ओळींची सूचना लिहिता येणार नाही, असे कोणाला तरी वाटेल काय? मला तर मुळीच वाटले नाही!

सूचना कशाची, तेही सांगतो. दोन विमानकंपन्या एक झाल्या. आमची निळ्या गणवेशाची, दुसरी हिरव्या. पत्नी हिरव्यांच्या चेक-इन काउंटरवर. विलीनीकरणाची बातमी आली तेव्हा आम्हा उभयतांना वाटले, आता एकच कंपनी, एकच वेळापत्रक, एकत्र सुट्टी! प्रत्यक्षात नवे वेळापत्रक आले ते असे: मी पहाटे पाच ते दुपारी एक, ती दुपारी एक ते रात्री नऊ. माझी सुट्टी मंगळवारी, तिची शुक्रवारी. याहून वाईट म्हणजे शिफ्टची आपसात अदलाबदल करण्यास मनाई! आजवर आम्ही सहकाऱ्यांशी अदलाबदल करूनच आठवड्यातल्या दोन संध्याकाळी एकत्र काढत होतो. आता ती घरी येणार तेव्हा मी घोरत असणार आणि मी निघणार तेव्हा ती.

"घटस्फोट झालेली जोडपी यापेक्षा जास्त भेटतात हो!" पत्नी म्हणाली.

आमच्या आठ वर्षांच्या कन्येने तर शाळेतल्या निबंधात लिहिले, 'माझे आईबाबा पाळीपाळीने असतात.'

उपाय एकच होता: युनियन. दोन्ही कंपन्यांच्या मिळून दोनशे पंधरा कर्मचाऱ्यांचे मतदान व्हायचे होते. बहुमताने युनियन आली, तर अदलाबदलीचा हक्क आणि वृद्ध आईवडिलांच्या औषधोपचाराची सवलत करारात टिकणार होती. नाही आली, तर कंपनी म्हणेल ती पूर्व दिशा!

मतपत्रिकेवर दोन चौकोन होते. वरच्यापुढे 'युनियन हवी', खालच्यापुढे 'युनियन नको'. आणि शीर्षस्थानी सूचना: 'एका चौकोनात फुली करा.' एवढीच! ना कर्ता, ना प्रयोजन, ना डौल!

"ही सूचना आहे की हमालाला मारलेली हाक?" मी म्हणालो.

"मी हमालांचाच मुकादम आहे," आमचे मुकादम म्हणाले. सामान चढवणाऱ्या तुकडीचे ते प्रमुख आणि युनियनच्या प्रचाराचेही. मला ते 'पंडित' म्हणतात. कौतुकाने म्हणतात असा माझा समज आहे. "पण पंडित, लोक बावरलेत हे खरं. असला कागद कोणी पाहिलेला नाही. काहीतरी धीर देणारं लिहा."

मी दोन दिवस खपून लिहिले: 'मतदाराने यत्किंचितही गोंधळून न जाता, शिफ्टची पसंती नोंदवताना तो आजवर जी पद्धत अवलंबत आला आहे, त्याच नेहमीच्या पद्धतीने आपली फुली करावी.' किती सोपे! शिफ्टची चिठ्ठी प्रत्येक जण दर महिन्याला भरतो. हवी त्या शिफ्टवर फुली, की झाले!

मतदानासाठी बाहेरून आलेल्या अधिकारी बाईंनी सूचना वाचली. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

"नेहमीची पद्धत म्हणजे कोणती?"

"ती इथे प्रत्येकाला ठाऊक आहे!"

"बरं," त्या म्हणाल्या. आणि माझे विधान अक्षरशः खरे होते, हे मी आजही ठासून सांगतो. ती प्रत्येकाला ठाऊक होती.

मतदान मंगळवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, आमच्या कँटीनमध्ये सकाळी आठपासून सुरू झाले. दारावर माझी सूचना झळकत होती. लोक वाचत होते, मान डोलवत होते, आत जात होते. मी कृतार्थ होऊन चहा घेत उभा होतो. साडेबाराला पत्नी आली, मत देऊन हसतमुखाने बाहेर पडली.

"दिलं हो मत! 'नको'वर चांगली ठसठशीत फुली मारली!"

कप माझ्या हातून निसटता निसटता राहिला.

"अगं, काय केलंस हे! आपल्या संसाराच्या मुळावर उठलीस?"

"मी? ओरडताय काय असे?"

"युनियन नको म्हणालीस!"

"अहो, नको ते खोडलं. उरलं ते हवं. यात न कळण्यासारखं काय आहे?"

"फुली म्हणजे खोडणं? कोणी सांगितलं तुला?"

"तुम्हीच!" तिने दाराकडे बोट केले. "नेहमीच्या पद्धतीने! आमच्याकडे शिफ्टच्या चिठ्ठीवर नको त्या शिफ्टवर फुली मारतात. पंधरा वर्षं तेच करतोय आम्ही."

अकरा वर्षे एकाच टेबलावर समोरासमोर बसून आम्ही आपापल्या चिठ्ठ्या भरत आलो; पण दुसऱ्याच्या कागदात डोकावू नये, हा माझ्याच घरातला नियम! निळ्यांची फुली म्हणजे होकार, हिरव्यांची फुली म्हणजे नकार, आणि माझी सूचना दोघांना आपापल्या खड्ड्यात अदबीने उतरवत होती!

मी अधिकारी बाईंकडे धावलो.

"बाई, हिरव्यांची मतं उलटी मोजा!"

"ज्या चौकोनात फुली, त्या चौकोनाला मत."

"पण त्यांच्या मनात तसं नाही!"

"मन मोजायची पेटी आम्हाला देत नाहीत," बाई म्हणाल्या. "उरलेल्यांना समजावायचं तर दाराबाहेर समजावा. आणि ही सूचना काढा."

मी तिथेच मांडीवर कागद घेऊन दुरुस्ती लिहिली आणि दारावर लावली: 'पूर्वोक्त सूचना हिरव्या सहकाऱ्यांपुरती रद्द समजावी. त्यांनी आपल्या नित्याच्या पद्धतीहून विपरीत, तर निळ्या सहकाऱ्यांनी विपरीत नसलेल्या पद्धतीने फुली करावी.' घाईत लिहिली असली तरी वाक्यात वजन आणि तोल दोन्ही होते!

पहिला आला विमानाची शिडी लावणारा, आमचाच निळा. त्याने ते दोनदा वाचले.

"पंडित, मला युनियन हवी आहे. म्हणजे 'नको'वर?"

"नाही! तुम्ही आधीसारखंच करा!"

"आधीसारखं म्हणजे आत्ताच्या कागदाआधी की सकाळच्या कागदाआधी?"

त्याच्यामागून हिरव्या काउंटरवरच्या एक बाई पुढे सरसावल्या.

"आणि माझं काय? मी सहा वर्षं निळ्यांत होते, नंतर हिरव्यांत गेले. माझं विपरीत कुठून मोजायचं?"

"तुमचं... थांबा, जरा विचार करू द्या."

"करा की. माझी शिफ्ट दहा मिनिटांत आहे!"

तोवर रांगेत निळे हिरव्यांना समजावू लागले, हिरवे निळ्यांना. एक जण आतून बाहेर आला आणि अभिमानाने म्हणाला, "मी युनियनच्या बाजूचा, म्हणून 'नको'वर मारली!" तो निळा होता! दुसऱ्याने जाहीर केले की ज्याअर्थी दोन सूचना आहेत, त्याअर्थी मतेही दोनदा द्यायची असणार. मुकादम धापा टाकत आले.

"पंडित! माझी सगळी तुकडी गोंधळलीय! चारशे बॅगा लागोपाठ चुकीच्या विमानात गेल्या, तरी एवढे गोंधळत नाहीत ते! काय लिहिलंत?"

"अत्यंत काटेकोर लिहिलं आहे. वाचून दाखवू का?"

"नको!" मुकादम, शिडीवाला, काउंटरवरच्या बाई आणि माझी पत्नी एका सुरात ओरडले.

पत्नीने तो कागद दारावरून काढला, घडी करून पर्समध्ये टाकला, कँटीनची खुर्ची दारात ओढली आणि तिच्यावर उभी राहिली. विमान सुटायच्या वेळी हरवलेल्या प्रवाशांना हाका मारून तिचा आवाज तयार झालेला.

"हवी असेल तर 'हवी'वर फुली! नको असेल तर 'नको'वर फुली! पुढे सरका!"

रांग सरकू लागली. तिने पर्यवेक्षकाला फोन करून शिफ्टला मोजणीनंतर येण्याची मुभा मागितली, आणि मी तिला पाणी आणून देत राहिलो. तेवढे काम मला जमत होते.

मी स्वतः सर्वांत शेवटी, सहाला दहा कमी असताना मत दिले. पडद्याआड पेन्सिल हातात घेऊन मी पत्रिका दोनदा वाचली. दिवसभर फुलीचे जे हाल पाहिले होते, त्यानंतर नुसत्या फुलीवर विश्वास ठेवायचा कसा? मी पूर्ण विचारांती मत दिले, पत्रिकेची घडी घातली आणि पेटीत सोडली.

मोजणी सर्वांसमोर झाली. पत्नी, मुकादम आणि मी भिंतीला टेकून उभे होतो. नव्वद-नव्वद. शंभर-शंभर. पत्नीने माझा दंड घट्ट धरला होता. दोन संध्याकाळी त्या ढिगांत अडकल्या होत्या.

"युनियन हवी, एकशे सात," अधिकारी बाई म्हणाल्या. "युनियन नको, एकशे सात."

"अजून एक पत्रिका आहे!" मुकादम उडालेच.

"ती बाद आहे. फुली 'हवी'वर आहे. पण मतपत्रिकेवर काहीही लिहिलेलं चालत नाही." बाईंनी पत्रिका दिव्याकडे धरली आणि वाचली: "'उपरोक्त फुली ही निषेधदर्शक नसून संमतीदर्शक आहे, हे सुज्ञांनी ध्यानी घ्यावे.'"

मतदान गुप्त होते. पत्रिकेवर नाव नव्हते. तरीही दोनशे डोकी एकाच वेळी माझ्याकडे वळली!

"अहो!" पत्नी एवढेच म्हणाली. माझा दंड तिने सोडून दिला होता.

समसमान मतांमुळे तीन आठवड्यांनी फेरमतदान ठरले. त्याआधी अधिकारी बाईंकडे एक अर्ज गेला: नव्या सूचनेच्या लेखनात वजन-तोल विभागाच्या संबंधित गृहस्थांचा हात नसावा. त्यावर निळ्या-हिरव्या मिळून दोनशे चौदा सह्या होत्या. विलीनीकरणानंतर दोन्ही कंपन्यांच्या लोकांचे हे पहिलेच एकमत. सर्वांत वरची सही मी ओळखली. आमच्या कन्येच्या प्रगतिपुस्तकावर ती असते.

फेरमतदानात युनियन एकशे एकोणनव्वद मतांनी आली. माझे मतही त्यात धरले गेले, कारण मला पेन्सिल पडद्याबाहेरच परत द्यायला लावली होती आणि फुलीसाठी शाईचा शिक्का दिला होता. अदलाबदल पुन्हा सुरू झाली. पहिल्याच मोकळ्या संध्याकाळी आम्ही तिघे जेवायला एकत्र बसलो. कन्या एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे पाहत होती. जणू कोणीतरी चुकीच्या वेळी आले आहे.

मला भरून आले. "मुकादमांना आभाराचं एक सविस्तर पत्र लिहावं म्हणतो," मी म्हणालो.

पत्नीने माझ्या ताटात वाढले.

"तोंडी सांगा," ती म्हणाली. "आणि शक्यतो मीच सांगते."