बोळाचा निकाल

आत्यांनी जेवता जेवता जाहीर केलं, "एका सकाळचं काम आहे. दुपारी निकालाची नक्कल तुमच्या हातात."

झालं होतं असं, की घरामागच्या बोळात शेजाऱ्यांनी विटा आणून टाकल्या होत्या. भिंत उठली असती तर भाच्याच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानाचं मागचं दार कायमचं बंद. बोळ दोन्ही घरांचा, असा निकाल आजोबांनी लावलेल्या दाव्यात लागला होता, हे घरात सगळ्यांना तोंडपाठ होतं. कागद मात्र कुणीच पाहिला नव्हता. आत्यांनी जन्मभर टायपिंगचा क्लास चालवलेला. गावातले निम्मे कारकून त्यांच्या हाताखालून गेलेले, त्यामुळे कोर्ट म्हणजे त्यांना माहेरच वाटायचं.

माहेरी कुणी ओळख दाखवेना. तळघरातला कारकून म्हणाला, दावे वर्षांप्रमाणे लावलेले होते खरे, पण एका कोर्टाची दोन झाली तेव्हा सगळ्यांना नवे नंबर पडले. ते वरच्या मजल्यावर मिळतील. वरच्या मजल्यावर कळलं, की मधल्या एका साहेबांनी नंबर मोडीत काढून विषयवार गठ्ठे बांधले. बोळ रस्त्यांत धरायचा की जमिनींत, यावरून दोन कारकुनांची जुंपली. आत्यांनी दोन्ही गठ्ठे उपसले. एकात कुणाच्या कोंबड्यांचं भांडण निघालं, दुसऱ्यात विहिरीचं. शिंकून शिंकून त्या बेजार झाल्यावर कुणीतरी सांगितलं, की इतके जुने कागद आता संगणकावर असतात.

संगणकात आजोबांचं नाव घातलं. उत्तर आलं, नोंद नाही.

घरी भाचा चाचरत म्हणाला, की असा निकाल कदाचित नसेलच. आत्या त्या दिवशी त्याच्याशी बोलल्या नाहीत. बोळात विटांशेजारी वाळूही येऊन पडली होती.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा संगणकासमोर बसल्या आणि टेबलावर नुसतीच बोटं चालवू लागल्या. नाव घाईत टाइप केलं तर बोट कुठल्या कळीवर घसरेल? असल्या चुकांसाठी त्यांनी आयुष्यभर लोकांना पानंच्या पानं पुन्हा टाइप करायला लावली होती. त्यांनी कारकुनाला एकेक चुकीचं नाव सांगायला सुरुवात केली. तो आधी वैतागला, मग रंगला, मग रांगेतले लोकही मागे येऊन उभे राहिले. शेवटी आजोबा सापडले, पण अशा आडनावाने, की ते चारचौघांत उच्चारायची सोय नव्हती.

"ही करंगळी मी ओळखते," आत्या ताठ मानेने म्हणाल्या. "टाइप करणारा माझ्याच क्लासचा."

नक्कल घेऊन आत्या थेट बोळात गेल्या. शेजारचे काका-काकू, गवंडी, भाचा, सगळ्यांना त्यांनी बोलावून घेतलं आणि जरा उंचावर उभं राहून खणखणीत आवाजात वाचलं: बोळ दोघांचा, त्यात कुणीही बांधकाम करू नये. गवंड्याने थापी खाली ठेवली. भाच्याचे डोळे भरून आले.

काकूंनी चष्मा लावून कागद मागून घेतला. "पुढे अजून आहे," त्या पान उलटत शांतपणे म्हणाल्या आणि वाचू लागल्या, "तसेच वादीने बोळात बांधलेला जिना काढून टाकावा."

सगळ्यांनी आत्यांकडे पाहिलं. आत्या त्याच जिन्यावर उभ्या होत्या.

संध्याकाळी विटा गेल्या. जिन्याचा विषय काकूंनी परत काढला नाही आणि आत्यांनी तर नाहीच नाही. नक्कल मात्र त्यांनी फ्रेम करून दिवाणखान्यात लावली आहे. फक्त पहिलं पान.