प्रभावतीबाईंचं परस आणि नंदाबाईंचा भाचा

"रविवारी दुपारी बारा वाजता माझ्या परसात पंगत बसेल, इतकं ते साफ असेल! नसलं, तर तिथंच उभी राहून प्लॉट विकायच्या कागदावर सही करीन!"

हे वाक्य प्रभावतीबाईंनी मंगळवारी सकाळी दारात दूध घेताना उच्चारलं. ऐकायला तीनच माणसं होती. पण भोकरदनच्या त्या गल्लीत तीन माणसांनी ऐकलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत तहसीलीच्या शिक्क्याइतकी पक्की होते. त्यातून बोलल्या कोण, तर प्रभावतीबाई! बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या, एरवी दिवसाला मोजून चाळीस वाक्यं बोलणाऱ्या.

त्यांना तोंड उघडायला लावलं ते त्यांच्या धाकट्या दिरानं, अण्णासाहेबांनी. दोघांची घरं शेजारीशेजारी आणि मध्ये प्रभावतीबाईंच्या मालकीचं परस. यजमान गेल्याला आठ वर्षं झाली होती, आणि ती आठ वर्षं त्या परसात गाजरगवत, तरोटा, आघाडा, रुई आणि वेडी बाभूळ अशी पाच घराणी सुखानं नांदत होती. प्रभावतीबाईंना प्रत्येकाचं शास्त्रीय नाव ठाऊक होतं. हीच तर पंचाईत! ज्याला पूर्ण नावानिशी ओळखतो, त्याला उपटणं जिवावर येतं.

"वहिनी," अण्णासाहेब म्हणाले होते, "एकट्या बाईच्यानं मोकळी जागा सांभाळणं होत न्हाई. परवा तिथून साप निघाल्ता!"

"धामण होती. बिनविषारी. आणि ती तुमच्या न्हाणीतून निघाली होती."

"ते असू द्या. जालन्याचे रामकिसन शेठ रविवारी बारा वाजता येऊन राह्यलेत, प्लॉट पाह्याला. चांगला माणूस आहे. तुम्ही पुण्याला जा पोराकडं, आराम करा बिलकुल!"

'आराम' हा शब्द ऐकला आणि प्रभावतीबाईंचा पारा चढला. मग ते पंगतीचं वाक्य बाहेर पडलं.

वाक्याच्या मागे योजनाही होती. गल्लीतल्या मजुराला सांगितलं तर तो सोयाबीनच्या सुगीत दिवाळीआधी यायचा नाही. म्हणून त्यांनी मोबाइलवरून थेट छत्रपती संभाजीनगरची 'हिरवाई प्रॉपर्टी केअर' नावाची कंपनी ठरवली. शनिवारी साडेआठ ते पाच. चार माणसं, गणवेश, हेल्मेट, खांद्याला अडकवायची गवत कापायची मशीनं. कंपनीची पुढची मोकळी तारीख थेट पुढच्या महिन्यातली होती. पण दुसऱ्या तारखेची गरजच काय? प्रभावतीबाईंनी परसाचा नकाशा काढला, त्याचे सहा चौकोन पाडले, प्रत्येक चौकोनाला वेळ नेमून दिली. शाळेत प्रयोगवहीत काढतात तसा, पेन्सिलीनं, पट्टी लावून!

शनिवारी आठ वाजून अठ्ठावीस मिनिटांनी कंपनीची हिरवी गाडी गल्लीच्या तोंडाशी आली आणि तिथंच थांबली. पुढे रस्ताभर गल्लीतल्या बद्रीनाथचं सोयाबीन वाळत पडलं होतं.

"दादा, एवढं बाजूला घेता का?" गाडीतून सुपरवायझर उतरला. सडपातळ, तिशीतला, शर्टावर 'भागवत' असं नाव विणलेलं.

"घेतो की!" बद्रीनाथ म्हणाला. "पण एकट्याला तास लागतोय. तवर तुम्ही रिकामेच बसणार का? माझ्या दारातलं तेवढं गवत काढून टाका. मशीन आलंच आहे तर!"

भागवतनं प्रभावतीबाईंकडे पाहिलं. प्रभावतीबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. पहिल्या चौकोनाची वेळ सुरू झाली होती.

"फक्त अर्धा तास," त्या म्हणाल्या.

आयुष्यात त्यांनी केलेलं हे सर्वांत चुकीचं मोजमाप! बद्रीनाथचं दार झालं, मग त्याच्या गोठ्यामागचं झालं, मग गोठ्यामागचं झालं म्हणून शेजारचं उघडं पडलं आणि ते बरं दिसेना, म्हणून तेही झालं. मशीनचा आवाज ऐकून गल्ली गोळा झाली. पिठलं उतू जावं तशी माणसं दारांतून बाहेर आली. साडेदहा वाजता गाडी प्रभावतीबाईंच्या घरासमोर लागली, आणि समोरच्या ओट्यावरून नंदाबाईंनी हाक मारली.

"गाव कोणतं रे बाबा तुझं?"

हा प्रश्न आपल्याकडे पाहुण्यांना विचारतात, पोस्टमनला विचारतात आणि भूल द्यायच्या आधी डॉक्टरलाही विचारतात.

"जाफराबाद," भागवत म्हणाला.

"जाफराबादात कोणाचा?"

"कडूबा टेलरचा."

"अगं बया!" नंदाबाईंनी हातातलं सूप खाली टाकलं. "कडूबा म्हंजे माझ्या चुलत बहिणीचा मालक! तू बारशाला एवढासा व्हता रे! मावशीला ओळखत न्हाईस?"

भागवतनं हेल्मेट काढलं, वाकून नमस्कार केला, आणि प्रभावतीबाईंना कळून चुकलं की आतापर्यंत जो कंपनीचा माणूस होता, तो संपला. आता उरला तो नंदाबाईंचा भाचा.

"नंदाबाई, मुलाला काम करू द्या. पाचला त्यांची वेळ संपते."

"मॅडम, पोरगं पह्यल्यांदा मावशीच्या दारी आलंय. कोरडं पाठवू का? आणि तुमी पण जेवायला इकडंच या!"

भाचा म्हटल्यावर मावशीच्या घरामागचं गवत काढण्यात कसला आला संकोच? ते काढलं. मग गणवेशातली चारही माणसं ताटावर बसली. भरली वांगी, बाजरीची भाकरी, ठेचा. प्रभावतीबाई निषेध नोंदवायला गेल्या होत्या, पण वांगी इतकी झकास झाली होती की निषेध दोन भाकऱ्यांपर्यंत लांबला. ही गोष्ट त्यांनी नंतर कुणाला सांगितली नाही.

दोन वाजता भागवत मशीन घेऊन परसाच्या दाराशी आला. दार उघडेना. आतून बाभळीनं त्याला मिठी मारली होती.

"दुसरीकडून वाट आहे का?"

"आहे ना!" शेजारच्या भिंतीवरून अण्णासाहेबांचं डोकं वर आलं. चेहरा असा गोड की त्यावर मुंग्या याव्यात. "माझ्या मागच्या दारानं घुसा. फकस्त माझ्याकडंबी जरा गचपण झालंय. आधी ते काढलं की वाट बराबर मोकळी होईल!"

"भाऊजी, तुम्ही मुद्दाम करताय!"

"मी? वहिनी, मी तर वाट देऊन राह्यलो!"

वाट व्हायला पाच वाजले. अण्णासाहेबांचं मागचं अंगण झालं, पडवीच्या कडेचं झालं, लिंबाच्या आळ्यातलं हरळीचं एकेक पातं निघालं. भागवतनं प्रभावतीबाईंच्या हद्दीत पाऊल टाकलं, मशीन सुरू केलं, चार हात गवत कापलं, आणि पेट्रोल संपलं. त्याच क्षणी प्रभावतीबाईंचा मोबाइल किणकिणला. 'आपली सेवा पूर्ण झाली आहे. कृपया ओटीपी कर्मचाऱ्यास सांगावा.'

"मॅडम, ओटीपी सांगा."

"कशाचा?"

"काम झाल्याचा."

"कुठं झालं?"

भागवतनं मागे वळून गल्लीकडे पाहिलं. गल्ली दाढी केलेल्या नवरदेवासारखी चकाकत होती. "झालं ना!" तो प्रामाणिकपणे म्हणाला.

"माझ्या परसात झालं नाही. ओटीपी मिळणार नाही!"

"मॅडम, त्याच्याबिगर काम बंद होत न्हाई ॲपमधी. गाडी हलवली तर कंपनीला दिसतंय. आमी चौघं इथंच अडकून पडू!"

प्रभावतीबाईंनी दारात खुर्ची टाकली, मोबाइल मुठीत घट्ट धरला आणि बसल्या. गल्ली समजूत घालायला आली.

"मॅडम, चार आकडे तर हायेत, देऊन टाका," बद्रीनाथ म्हणाला.

"लेकरं घरी जाऊ द्या," नंदाबाई म्हणाल्या.

"आणि सहीचा पेन मी घेऊन येतो उद्या," अण्णासाहेब म्हणाले. त्यांना हसू आवरत नव्हतं.

प्रभावतीबाई उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही. नववी 'ब'चा वर्ग गप्प करायला त्यांना कधी आवाज चढवावा लागला नव्हता.

"बद्रीनाथ, पेरणीला दुसऱ्याचे बैल नेले, तर काय करावं लागतं?"

"एक दिवस आपले द्यावं लागत्यात. सावडच असती ती."

"आणि दुसऱ्याची माणसं नेली तर?"

बद्रीनाथ रस्त्यावर सांडलेला सोयाबीनचा दाणा चपलेनं सरकवू लागला. नंदाबाई पदर चाचपू लागल्या.

"आज माझी चार माणसं तुम्ही दिवसभर नेलीत. उद्या सकाळी सहाला विळे घेऊन या आणि सावड फेडा. तोपर्यंत ओटीपी नाही!"

दार बंद झालं. कडीचा आवाज गल्लीभर ऐकू गेला.

गल्लीनं हसण्यावारी नेलं असतं. पण चार पाहुणे मुक्कामाला राहिले ते नंदाबाईंकडे! भाचा आणि त्याचे तीन सोबती. दिवसभर मशीन चालवलेली माणसं. रात्रीच्या जेवणाला पिठाचा डबा तळाला गेला. अंथरुणं पुरेनात म्हणून नंदाबाईंच्या मालकांना ओट्यावर झोपावं लागलं, आणि ते घोरत नाहीत तेव्हा बोलतात, तेही सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.

रविवारी सहाला पाच कमी असताना परसाच्या दाराशी पहिल्या उभ्या होत्या त्या नंदाबाई. हातात विळा, डोळे तांबारलेले.

"कुठून सुरू करू मॅडम? जल्दी सांगा!"

मागून बद्रीनाथ कुऱ्हाड घेऊन आला. मग बायका आल्या, पाहुणे आले. आधी बाभूळ तोडून दार उघडलं. प्रभावतीबाईंनी नकाशा भिंतीला चिकटवला आणि चौकोन वाटून दिले. सहावा चौकोन उरला, तसं सगळ्यांनी शेजारच्या घराकडे पाहिलं.

"माझ्या मणक्याला डॉक्टरनं वाकायचं न्हाई म्हणून सांगितलंय," अण्णासाहेब दारातून म्हणाले.

"काल तुमच्या लिंबाखालची हरळी निघताना तर वाकू वाकू दाखवून राह्यल्ते!" नंदाबाई कडाडल्या. "या इकडं! तुमच्यापायी चार माणसं जेवू घालून राह्यले मी!"

अण्णासाहेब आले. ज्या पैजेत आपण जिंकावं म्हणून त्यांनी देव पाण्यात ठेवले होते, तीच पैज हरण्यासाठी ते गाजरगवत उपटू लागले. दर दहा मिनिटांनी ते घड्याळ बघत, आणि दर वेळी नंदाबाई त्यांना बघत.

अकरा चाळीसला शेवटची रुई पडली. अकरा पंचेचाळीसला प्रभावतीबाईंनी मोबाइल उघडला आणि राष्ट्रगीताच्या थाटात उभं राहून आकडे सांगितले, "सात, शून्य, चार, एक." भागवतच्या डोळ्यांत पाणी आलं. ठीक बाराला रामकिसन शेठ आले, तेव्हा परसात सतरंज्या पडल्या होत्या आणि पिठलं-भाकरीची पंगत बसत होती.

"वा! अण्णासाहेब, तुम्ही तर जंगल म्हणाल्ते! ही तर सोन्यासारखी जागा आहे. मी आजच भाव बोलून टाकतो."

"सोन्यासारखीच आहे," प्रभावतीबाई म्हणाल्या. "विकायची नाही. बसा, जेवून जा!"

शेठ जेवले. अण्णासाहेबही जेवले, पण मान वर न करता. भागवतची गाडी गल्लीच्या बाहेर पडली, तेव्हा प्रभावतीबाईंनी परसाच्या दारातून तिला हात केला.

संध्याकाळी पाचला त्या कपभर चहा घेऊन परसात येऊन बसल्या. मोकळी जमीन, मोकळं आभाळ, आपली जागा! आठ वर्षांत पहिल्यांदा या कडेची भिंत त्या कडेवरून दिसत होती. भिंतीतलं अण्णासाहेबांचं मागचं दार दिसत होतं. दारात उभे असलेले अण्णासाहेब दिसत होते. आणि अण्णासाहेबांनाही त्या, डोक्यापासून पायापर्यंत.

"वहिनी! एकट्याच चहा पिऊन राह्यल्या? बरं झालं बघा, वाट मोकळी झाली! पह्यले सगळी गल्ली फिरून यावं लागायचं, त्या भानगडीत मी पडतच नव्हतो!"

मोजून अकरा पावलांत ते समोर येऊन बसले.

"मी काय म्हणून राह्यलो, वहिनी, ते पुण्याचं…"

दिवेलागणीपर्यंत ते तीनदा येऊन गेले. एकदा पुण्याबद्दल सांगायला, एकदा पेपर मागायला, आणि एकदा आपण मघाशी काय सांगितलं ते आठवण करून द्यायला.

तिसऱ्यांदा ते गेल्यावर प्रभावतीबाई खाली बसल्या आणि त्यांनी चिमूटभर माती बोटांवर चोळून पाहिली. नववीच्या वर्गाला त्या दर वर्षी सांगत आल्या होत्या: गाजरगवताच्या एका रोपाला पंधरा हजारांवर बिया धरतात आणि त्या मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. ओल मिळाली की उगवतात. त्यांनी मनात हिशेब मांडला. माणसाच्या गुडघ्याइतकं व्हायला महिना, छातीइतकं व्हायला फार तर अडीच.

मग आजूबाजूला कुणी पाहत नाही याची खात्री करून त्यांनी नळाखाली बादली भरली आणि ती अण्णासाहेबांच्या दाराच्या बाजूला, सारखी पसरेल अशी, ओतली.