हेडक्लार्कसाहेबांचे बोलके विराम

खरं तर हेडक्लार्कसाहेबांनी ती दोन्ही परीक्षणं एकाच दिवशी वाचायलाच नको होती. पहिलं वाचून पेपर मिटला असता तर आठवडा सुखाचा गेला असता. पण राहवतंय कुणाला? (स्वतःबद्दल छापून आलेलं असलं की माणूस उपाशीपोटीही वाचतो.)

कॉलनीच्या हौशी नाट्यमंडळाचा पहिला प्रयोग नुकताच झाला होता आणि मुलीला घराबाहेर काढणारा कडक बाप साहेबांनी केला होता. एका साप्ताहिकाने लिहिलं, 'बापाचे विराम शब्दांपेक्षा बोलके!' दुसऱ्याने लिहिलं, 'बाप वाक्यं विसरतो की काय, या काळजीने प्रेक्षकांचा जीव टांगणीला लागला.'

दिग्दर्शक, म्हणजे शाळेतले ड्रॉइंग मास्तर, दोन्ही वाचून एवढंच म्हणाले, "पुढच्या रविवारी बघू. नाहीतर बापाच्या भूमिकेला दाताचे डॉक्टर तयारच आहेत."

साहेबांची बावीस वर्षं ऑफिसच्या खिडकीमागे बसून लोकांना 'उद्या या' सांगण्यात गेली होती. टाळ्या आयुष्यात पहिल्यांदाच मिळाल्या होत्या, आणि त्या आता डॉक्टरांच्या घशात जाणार! ते उठले, बसले, चपला घातल्या, काढल्या, पुन्हा दोन्ही परीक्षणं वाचली.

"बोलके विराम! वाचलंस?" ते बायकोला म्हणाले. बायको त्याच नाटकाची प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर वही घेऊन बसायची.

"अहो, कसले विराम? विसरला होतात तुम्ही. मी तीनदा वाक्य दिलं. तिसऱ्यांदा तर जवळजवळ ओरडले."

"तो विराम होता!"

"मग घाम का फुटला होता?"

"भूमिकेत शिरलो होतो मी."

त्याच क्षणी साहेबांनी ठरवलं: दोन्ही टीकाकारांना खूश करायचं. वाक्यं तोंडपाठ करायची आणि विराम मुद्दाम घ्यायचे. आठवडाभर दाढी करताना, जिना उतरताना, जेवताना घोकंपट्टी चालू. ऑफिसात तर अर्ज घेऊन आलेल्या एका सभ्य गृहस्थांना त्यांनी "चालती हो या घरातून!" असं सुनावलं. (गृहस्थ पुरुष असूनही निमूटपणे गेले.)

रविवारी विंगेत त्यांनी बायकोला बजावलं, "आज एकही वाक्य द्यायचं नाही. मी थांबलो की समज, विराम आहे."

"बरं," बायको म्हणाली. इतक्या पटकन ती कधीच ऐकत नाही, तेव्हाच साहेबांनी सावध व्हायला हवं होतं.

दुसरा अंक. मुलीचं काम करणारी बँकेतली कॅशियर बॅग घेऊन उभी. साहेब गरजले, "आज हा उंबरठा ओलांडलास तर..." आणि थांबले. मनात पाचपर्यंत मोजायचं ठरलं होतं. एक, दोन, तीन, चार, पाच. आकडे बिनचूक आले, वाक्य मात्र साफ उडालं. सहा. सात. साहेबांनी विंगेत पाहिलं. बायकोचं बोट नेमकं त्याच ओळीवर होतं आणि ओठ घट्ट मिटलेले. त्यांनी भुवया उडवल्या. तिने कौतुकाने मान डोलावली. त्यांनी हात जोडले. तिने वहीच मिटून मांडीवर ठेवली.

प्रेक्षकांत कुणीतरी खोकलं. कॅशियरने बॅग खाली ठेवली, उचलली, शेवटी बिचारी म्हणाली, "बाबा, निघू का मी?"

"थांब!" साहेब ओरडले आणि तडक विंगेपाशी गेले. "अगं, पुढे काय?"

कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत पोचली. आतून शांतपणे उत्तर आलं, "विराम आहे ना?"

नाट्यगृह दणाणून गेलं. हसण्याने की टाळ्यांनी, हे साहेबांना आजतागायत ठरवता आलेलं नाही.

त्या आठवड्यात परीक्षणं पुन्हा आली, आणि गंमत बघा, उलटी आली. कौतुक करणाऱ्याने लिहिलं, 'विराम असह्य लांबले.' शंका घेणाऱ्याने लिहिलं, 'बापाची असहायता काळजाला भिडली.' साहेबांची झोप पुन्हा उडाली. दोन दिवसांनी मास्तर घरीच आले.

"मी दोन्ही टीकाकारांचं ऐकायचं ठरवलंय. भूमिका तुमचीच राहणार."

साहेबांचे डोळेच भरून आले.

"फक्त दुसऱ्या अंकात बापाची वाचा गेलेली असेल. वाक्यं सगळी काका बोलेल. काका म्हणजे दाताचे डॉक्टर. तुम्ही खुर्चीत बसून नुसतं बघायचं."

मास्तर गेल्यावर साहेबांनी दार लावून घेतलं. मग पडेल आवाजात बायकोला म्हणाले, "दुसऱ्या अंकात तुला आता माझ्यापुरती सुट्टी. मला एकही वाक्य नाही."

"छे हो, सुट्टी कसली!" बायको वही उघडत म्हणाली, "मी तुमच्यावरच लक्ष ठेवणार. मध्येच बोलायला लागलात तर?"