वीतभर पंप

"आईस्क्रीमची ब्रिक घ्यायची आणि सरळ घरी यायचं," शीलाने नवऱ्याला बजावलं. "वाटेत काही बघत बसायचं नाही. कळलं?"

मारुती शेलारला सगळं कळलं होतं. त्याच्या धाकट्या बहिणीला, रतनला, बघायला तीन वाजता खडवलीचे पाहुणे येणार होते. याआधी दोन स्थळं पोहे खाऊन "कळवतो" म्हणून गेली, ती अजून कळवतच होती. म्हणून या वेळी, ऐन वैशाखात, आईस्क्रीम ठेवायचं ठरलं. मानपाड्याहून सायकलने डोंबिवली स्टेशनापर्यंत जायचं आणि परत यायचं, इतकंच काम. पण मारुतीला पाठवणं सोपं, परत आणणं अवघड. वस्तू पारखून घेणं हा त्याचा धर्म होता. कलिंगड तो टिचक्या मारल्याशिवाय घेत नसे, आणि मारून झाल्यावर बहुतेक वेळा घेतच नसे.

ब्रिक वर्तमानपत्रात गुंडाळून त्याने पिशवी हँडलला अडकवली आणि तेवढ्यात तानाजीच्या सायकलच्या दुकानात, काचेमागे, त्याला तो पंप दिसला. वीतभर लांब, चकचकीत, शर्टाच्या खिशात मावेल असा. आजवर त्याने पाहिलेले पंप कमरेइतके उंच, पायाखाली दाबून धरायचे. तानाजीने दांडा फिरवला तशी आतून एक नाजूक नळी बाहेर आली. मारुतीने नकळत चपला काढल्या.

"चालतो का पण?"

"न चालायला काय झालं? मारून बघा ना."

पण चाकात हवा ठणठणीत होती, आणि भरल्या पोटी कुणी जेवणाची चव बघत नाही. मारुतीने पुढच्या चाकातली हवा सोडून दिली. मग एकटा एकच पंप कसा पारखणार, म्हणून तानाजीला आणखी दोन काढायला लावले. पहिल्याने चाक टम्म भरलं. मारुती खूश झाला आणि दुसऱ्यावर अन्याय नको म्हणून त्याने हवा सोडली. दुसऱ्यानेही भरलं, तीही सोडली. आता त्या वीतभर पंपाची पाळी, तर तानाजीने जेवायला जायचं म्हणून बाकीचे पंप आत ठेवून शटर ओढलं.

"अहो, चाक रिकामं आहे माझं."

"मग हा घेऊन बसा की. त्याचीच पारख राहिलीय ना? झालं की शटरखालून आत सरकवा."

मारुती उन्हात उकिडवा बसला. एका दांड्याला शिंकेएवढी हवा जायची, त्यातली अर्धी परत यायची. हाताला गोळे आले, पिशवीतून थेंब गळायला लागले, पण चाक काही उठेना. तरी पंपाबद्दलचा आदर ढळला नाही. एवढासा जीव आणि माणसाला केवढा घाम काढतो, याचं त्याला खरंच नवल वाटत होतं.

"मी मारू का थोडा वेळ?" पांढऱ्या इस्त्रीच्या शर्टातला एक तरुण विचारत होता. "घरचे रिक्षातून पुढे गेले. तिघंच बसतात ना, म्हणून मी चालत निघालेलो."

हे ऐकून कुणाच्याही डोक्यात उजेड पडला असता. मारुतीच्या पडला नाही, कारण त्याचं सगळं लक्ष पंपाकडे होतं. तरुण बाह्या दुमडून खाली बसला. उजवा हात थकला की डावा, डावा थकला की उजवा. तोंडाने हूं नाही की चूं नाही.

"सांभाळून, दांडा वाकेल," मारुती म्हणाला. "घरी बहिणीला बघायला पाहुणे यायचेत. पण पाहुण्यांचं काय हो, खाऊन जातात. पंप जन्माला पुरतो."

"खरंय," तरुण म्हणाला आणि मारत राहिला.

अखेर चाक भरलं. मारुतीने पंप शटरखालून सरकवला आणि उपकार फेडायला त्याला डबलसीट घेतलं. "कुठे सोडू?"

"मानपाड्याला. शेलारांकडे."

सायकल गटाराच्या काठावरून परत आली ती केवळ पुण्याईने.

घरी शीलाने नवऱ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं आणि ब्रिक पेल्यांत ओतली. नाथाचे, म्हणजे त्या मुलाचे, वडील मुलाच्या शर्टावरचा काळा डाग बघून ओशाळले होते. मारुतीने मनाशी ओळखलं. हेही स्थळ आता कळवत बसणार, आणि ते एका पंपापायी.

"मुलीला काही विचारायचं असेल तर विचारू दे," वडील कसेबसे म्हणाले.

सगळ्यांना वाटलं, रतन मान खाली घालेल. तिने डागाकडे बोट केलं. "हे कसलं लागलं?"

"ग्रीस. ह्यांच्या सायकलला हवा मारत होतो."

"भावाने सांगितलं म्हणून?"

"नाही. चाक बसलेलं दिसलं म्हणून."

"किती वेळ मारलीत?"

नाथाने जरा विचार केला. "भरेपर्यंत."

रतनने एकदा घामेजलेल्या भावाकडे पाहिलं आणि एकदा पेल्यातल्या पांढऱ्या पाण्याकडे. मग ती दाराशी उभ्या असलेल्या आईकडे वळली. "मला पसंत आहे," म्हणाली.

मग नाथाचे वडील खो खो हसले, म्हणाले, "आमचीही तक्रार नाही," आणि पेला तोंडाला लावून हे सरबत कसलं म्हणून विचारू लागले. मारुती मात्र बहिणीकडे बघतच राहिला. टिचकी नाही, दुसरं दुकान नाही, आणि जन्माचा माणूस घेऊन मोकळी. एवढी हिंमत आपल्याच घरात वाढली, हे त्याला आज कळलं. त्याचे डोळे भरून आले.

पाहुणे गेल्यावर शीलाने पेले गोळा करता करता विचारलं, "आणि मग पंप कुठला घेतलात?"

"घेतो कसला एवढ्यात," मारुती डोळे पुसत म्हणाला. "अजून कल्याणची दुकानं बघायचीत."