आधी ‘ई’ म्हणा

डॉ. बिराजदारांना माणसं चेहऱ्यानं आठवत नाहीत, गळ्यानं आठवतात. लग्नाच्या पंगतीत कुणी वाकून नमस्कार केला की ते कोऱ्या नजरेनं बघत राहतात. तो बिचारा नाव सांगतो, गाव सांगतो, मागच्या साली औषध घेतल्याची आठवण देतो. शेवटी डॉक्टर म्हणतात, "आ करा बघू." तोंडात डोकावताच त्यांचा चेहरा उजळतो. "निलंग्याचे पाटील की हो तुम्ही. पडजीभ डाव्या अंगाला झुकलेली. मग, लेकीचं लग्न झालं का?"

मी त्यांचा शेजारी. लातुरात त्यांच्या दवाखान्याला लागून माझी एक्स-रेची खोली होती. भिंत एक आणि भांडण कायमचं. लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेऱ्यांवर नव्या पाट्या झळकत होत्या, नळाला मात्र पाणी नव्हतं. टँकर आला की गल्लीत असा कल्ला व्हायचा, की दुसऱ्या दिवशी अर्धी गल्ली घोगऱ्या आवाजात दवाखान्यात हजर. डॉक्टरांनी या आजाराचं बारसंही केलं होतं, ‘टँकरगळा’. "याला दवा न्हाई. लाइनीत उभं राहा अन् खामोश राहा," असं सांगून ते सगळ्यांना पिटाळायचे.

त्यांचं हत्यार म्हणजे लांब दांडीचा इवलासा आरसा. तो स्पिरिटच्या दिव्यावर उबवायचा, रोग्याची जीभ कापडात धरून बाहेर ओढायची, आरसा घशाशी न्यायचा आणि हुकूम सोडायचा, "ई म्हणा." ‘आ’ म्हटलं तर नुसता घसा दिसतो, ‘ई’ म्हटलं की आतलं झाकण वर होतं आणि स्वरतंतू दिसतात. माझ्या एक्स-रेची त्यांना कीव यायची.

"तुमचा फोटो म्हंजे सावली हो."

"घशात हाड अडकलं की माझ्याकडंच पाठवता ना?" मी चिडून विचारायचो.

"हाडाला फोटो बेस. पण आवाजाला हाड असतंय का?"



त्या वर्षी उन्हं तापायला लागली आणि औशाच्या शेवंताबाई कांबळे दवाखान्यात आल्या. गायन पार्टीच्या मुख्य गायिका. चौदा एप्रिलची जयंती जवळ आलेली आणि आवाज बसला तो बसलाच. पण त्यांना जयंतीपेक्षा दुसरीच धास्ती होती. गळ्यात वाईट गाठ तर नाही ना, एवढंच त्यांना विचारायचं होतं आणि तेही धड विचारता येत नव्हतं.

"ई म्हणा," डॉक्टर म्हणाले.

बाई मागं सरकल्या. कसंबसं पुटपुटल्या, "डॉक्टरसाहेब, तुमच्या तोंडावर ई म्हणू? बरं दिसतंय का?"

डॉक्टरांनी समजूत घातली, "खुशाल म्हणा, मला राग न्हाई." पण आरसा घशाला लागला की बाईंना उमासे यायचे. दोनदा झालं, तीनदा झालं. मग त्या माझ्याकडे आल्या. मी फोटो काढून ऐटीत उजेडापुढं धरला. मानेचे मणके सुरेख आले होते, श्वासाची काळी नळीही आली होती; स्वरतंतूंचा पत्ता नव्हता.

"मान लई छान हाय बाईंची," डॉक्टर म्हणाले.

मग त्यांनी कपाट उघडलं. मुंबईहून नुकतीच आलेली दुर्बीण. काळी, बारीक, वळेल तशी वळणारी, टोकाला उजेड. नाकात बधिर करणारे थेंब टाकून त्यांनी ती अलगद आत सोडली. जीभ मोकळी, तोंड मोकळं.

"आता गा."

बाई घाबरत घाबरत गायला लागल्या आणि डॉक्टर दुर्बिणीला डोळा लावून जागच्या जागी नाचायला लागले. "अहो एक्स-रेवाले, पळत या. आवाज दिसायलाय, आवाज!"

मी डोळा लावला. दोन पांढऱ्या पट्ट्या सुरासरशी मिटत होत्या, उघडत होत्या. दोघींच्या काठावर समोरासमोर एकेक बारीक कणी. आयुष्यभर मी माणसांची हाडं बघत आलो. जिवंत सूर त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. भांडण हरलो होतो आणि आनंद मावत नव्हता.

"वाईट दिसत न्हाई," डॉक्टर म्हणाले. "गाऊन गाऊन पडलेले घट्टे हायत. मौन धरा, जातील. मी पुन्यांदा बघनारच हाय." शेवंताबाई पदरात तोंड घालून रडल्या.

पण मौन पाळायचं कुठं? लातुरात त्या बहिणीकडं उतरल्या होत्या, तिथं घरभर पोरं आणि दारात टँकर. डॉक्टर जरा घुटमळले. म्हणाले, "दिवसा आमच्या घरी बसा. तिथं कुनी बोलत न्हाई."

त्याचा अर्थ मला ठाऊक होता. वहिनींचं, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोचं, स्वरयंत्र कॅन्सरमुळं मुंबईत काढून टाकलं होतं. गळ्यावरच्या भोकातून श्वास घ्यायच्या, त्यावर पदर ओढलेला. आलेल्या बायका त्यांना बहिरं समजून मोठ्यानं बोलायच्या, हळहळायच्या आणि पुन्हा यायच्या नाहीत. डॉक्टर याबद्दल माझ्याशी एकदाच बोलले होते. "आरसा लावला की हिला उमासे यायचे. नीट दिसलंच न्हाई. बघू, बघू म्हणत राहिलो. तवाच दुर्बीण पायजे होती."

शेवंताबाई रोज जायला लागल्या. डॉक्टरांचं घर दवाखान्याच्या मागंच. माझ्या खिडकीतून दिसायचं. दोघी शेंगा फोडत बसलेल्या, हातवारे चाललेले, मध्येच आवाज न करता गदगदा हसणं. डॉक्टर रोगी सोडून मागच्या दाराशी येऊन उभे राहायचे आणि बघत बसायचे.

जयंतीच्या तोंडावर पुन्हा दुर्बीण घातली. मलाही बघायला दिलं. पट्ट्या स्वच्छ, कणी नाही. मी आनंदानं डॉक्टरांकडं वळलो, तर ते नाचत नव्हते. दुर्बीण पुसत खाली बघून म्हणाले, "अजून पंधरा दिवस बोलू नका."

"अहो, घट्टे गेले की."

"तुमी सावल्या बघा," ते माझ्यावर खेकसले.

शेवंताबाईंनी एकदा डॉक्टरांकडं, एकदा मागच्या दाराकडं बघितलं. मग कित्येक दिवसांनी त्यांचा खणखणीत आवाज त्या खोलीत घुमला. "डॉक्टरसाहेब, घट्टे गेले म्हणून मी यायची थांबते व्हय? वहिनींनी माझा आवाज अजून ऐकलासुदिक न्हाई."

डॉक्टरांनी दुर्बीण कपाटात ठेवली आणि मागचं दार उघडून धरलं.